बाण एक, बटणं दोन

विठ्ठला, मायबापा, उभ्यानंच नमस्कार घे. वाकलो तर गळ्यातली वीणा जमिनीला टेकेल, आणि सप्ताह संपेपर्यंत ती टेकू द्यायची नाही... तर श्रोतेहो, तुम्हाला सांगतो, सकाळी सहापासून मी असाच उभा, आता दुपारचे दोन वाजले, आणि वीणा उतरवून घ्यायला एक माणूस पुढं येईना. का? तर बाण एक आणि बटणं दोन.

दोन-दोन तासांचे बारा पहारे, बारा नावं. ही यादी दरसाल मी हातानं लिहितो. यंदा हौस आली, संगणकावर काढू. टी.व्ही. सेंटर भागात नजमुन्निसा मॅडमच्या संगणकाच्या क्लासला गेलो, तिथं संगणकाला हुकूम लिहायला शिकवतात. त्यांच्या पडद्यावर काय सुरेख दिसायचं... डावीकडं ‘वीणा’, उजवीकडं ‘कडूबा’, आणि मधे कडूबाला वीणेत नेऊन बसवणारा अखंड बाण. मी कीबोर्डावर बाण शोधला, सापडला, दाबला. उमटलं काही नाही, पडद्यावरची ती लुकलुकणारी उभी रेघ मात्र एक घर मागं सरकली. पुन्हा दाबला, पुन्हा मागं. मॅडम म्हणाल्या, "दादा, वो नक्को. लेस दॅन का निशान, उसको लगके मायनस. दिखता एकीच है, मारना दो पडता."

मारले, आधी <, मग -. पण खेटून बसवणं बरं दिसेना, म्हणून मधे जागा सोडली, तर बाण फुटला. खोडायला गेलो तर निम्माच गेला. अहो, डोळ्यांना एक दिसतं ते मुळात दोन, हे उलटं अद्वैत सत्तराव्या वर्षी कोणत्या कीर्तनात सांगू? बाण एक, बटणं दोन!

अखेर बारा ओळी झाल्या. वीणा, बाण, कडूबा. वीणा, बाण, बद्रीनाथ... आणि सर्वांत शेवटी, नम्रपणे, वीणा, बाण, तात्यासाहेब, म्हणजे मी. छापलं, चष्म्याविना मंदिराच्या दारावर डकवलं. बाराही पहाऱ्यांपुढं एकच नाव... तात्यासाहेब.

मॅडमना फोन लावला. "दादा, तुम वीणा नाम का डब्बा एकीच रखे ना? बाण से नया नाम आया की पुराना गया." म्हटलं, बाई, वीणा एकच असते!

कडूबा पाचोडहून पहिल्या एसटीनं आला, कागद वाचून माझ्या पाया पडला. "तात्या, लई मोठं व्रत धरलं, आमच्यानं नाय व्हायचं." म्हटलं, अरे, यादी चुकली. "छापील हाय, चुकंल कशी?" प्रसाद खाऊन परत गेला, मागून आलेलेही तसेच. आमच्या सारजाबाई घरून निरोप धाडतात, "हौसेनं नाव घातलंय, तर राहा उभं."

राहतो. पांडुरंग तुम्हा सर्वांचं कल्याण करो, चुली पेटत्या राहोत, लेकीबाळी सुखी असोत. आणि थकल्या वेळी भार घ्यायला तुमच्या प्रत्येक घरात दुसरं नाव असो.