परदेशी शेअर घेण्याआधी गादीवाल्याला विचारा

—नाही नाही, कात्री तू लावू नकोस, ते माझं काम. तू त्या लोकरीच्या पोत्यावर बस आणि हे माते धर, आपला कडू पाल्याचा चहा. साखर नाही त्यात, आधीच सांगतो. हां, तर काय म्हणालीस—या गादीतले डॉलर काढायचे आणि त्यांचे परदेशी शेअर घ्यायचे? सगळ्यांचे? बरं बरं, मी काही म्हणत नाही. हा एव्हारिस्तो चाळीस वर्षं रोसारिओत गाद्या शिवतोय, पोरी, या शहरातल्या बँकांपेक्षा जास्त ठेवी याच्या बोटांखालून गेल्यात. हे तुझ्या बापानं शिवलंय ना? कळतं गं. पाच टाके आवळून, सहावा ढिला—घाबरलेल्या माणसाचे टाके. लोकांचे पैसे आत अडवून बँकांनी दारं लावून घेतली होती त्या वर्षीचे असणार. त्या वर्षी मी बायकांना गाद्या शिवून दिल्या नाहीत, तिजोऱ्या शिवून दिल्या.

पण शेअर! परदेशी! वाईट आहेत असं मी म्हटलं का? नाही म्हटलं. मी स्वतः घेतलेत, म्हणून तर सांगतो. आता बघ, तुला वाटत असेल की पैसे दिले की अमेरिकेतला शेअर आला हातात. नाही येत. तू जाणार इथल्या दलालाकडे, तो इथल्याच बाजारात आपले पेसो मोजून तुला एक चिठ्ठी घेऊन देणार, आणि त्या चिठ्ठीमागे असणार तिकडच्या शेअरचा तुकडा. तुकडा! कुठे दहावा, कुठे विसावा. आमचा मेव्हणा रोलो—माझ्या निल्दाचा धाकटा भाऊ—त्यानं हे विचारलंच नाही. वीस चिठ्ठ्या घेतल्या आणि ‘माझे वीस शेअर आहेत’ म्हणून गल्लीभर सांगत सुटला. होता एक! त्या आनंदात त्यानं अख्ख्या गल्लीला मांस भाजून घातलं—शेअरपेक्षा बरगड्या महाग पडल्या. मी हसलो. पोट धरून हसलो. हसायला नको होतं, पण ते पुढे सांगतो.

आणि हे तुझे डॉलर, ते आधी विकायचे, त्याचे पेसो घ्यायचे, त्या पेसोंतून पुन्हा डॉलरच्या भावाची वस्तू घ्यायची—प्रत्येक वळणावर एक माणूस हात पसरून उभा. वर कंपनीनं नफा वाटला तर तिकडचं सरकार जवळजवळ तिसरा हिस्सा कापून मगच पाठवतं. का म्हणून काय विचारतेस? तू परकी, म्हणून. मी दलालाला हेच विचारलं तर तो म्हणाला, ‘एव्हारिस्तोसाहेब, हे अर्जातच लिहिलं होतं.’ अर्ज मी वाचला नव्हता. अर्ज वाचत जा, पोरी. मी दवाखान्यातलासुद्धा वाचत नाही, पण तू वाच.

आता सगळ्यात मोठा नियम—जे कळतं तेच घ्यायचं. हे रोलो म्हणायचा, दलाल म्हणायचा, रेडिओवरचा तो घसा बसलेला माणूसही म्हणायचा. मला काय कळतं? गाद्या! झालं तर मग. परदेशातली एक गाद्यांची कंपनी होती—गादीची वळकटी करून खोक्यात घालून घरपोच पाठवायची. एका डॉक्टरीण बाईनं मागवली होती, तीन महिन्यांत कंबर धरली म्हणून माझ्याकडे आणली. मी या हातांनी उसवली. आत काय? फोम! दोन थर, गोंदानं चिकटवलेले, म्हाताऱ्या घोडीच्या पाठीसारखी मधोमध खोल गेलेले. वर कंपनी म्हणायची, शंभर रात्री झोपा, नाही आवडली तर परत करा. आता मला सांग, कुठला शहाणा नव्व्याण्णव रात्री झोपून गादी परत करणार नाही? हे मला कळत होतं. सगळ्या रोसारिओत एकट्या मला कळत होतं. आणि तरी मी तेच शेअर घेतले. का? अगं, भाव चढत होता! रोलोनं तेव्हा गाडी घेतली. निळी. रोज दारासमोर उभी करायचा, पुसायचा आणि मला हाक मारायचा—‘काय दाजी, अजून लोकरच पिंजताय?’ निल्दा खिडकीतून गाडीकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची. मग खिडकी लावून घ्यायची. 

घेतले. सगळे एकदम घेतले, थोडे थोडे नाही. आणि मग जूनचा झेंड्याचा दिवस आला. आपल्याकडे सुट्टी, दलाल बंद, बाजार बंद—तिकडे बाजार सुरू, त्यांना आपल्या झेंड्याशी काय देणंघेणं! मी झेंड्याच्या स्मारकासमोर छातीवर हात ठेवून राष्ट्रगीत म्हणतोय आणि रोलो मागून कानात—‘दाजी, पडतोय.’ दुसरं कडवं. ‘दाजी, अजून पडला.’ मी अश्रू पुसत होतो, शेजारचे लष्करातले म्हातारे गृहस्थ माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, ‘असे देशभक्त आता राहिले नाहीत.’ दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तेव्हा निम्म्याहून जास्त गेले होते. तेव्हा विकायचं? नाही विकले. म्हटलं, वर येतील. पैसे काय माझ्या घरचे होते का लगेच रडायला—

म्हणजे माझेच होते. माझ्याकडे होते म्हणजे माझेच ना. माते संपलं का? आण इकडे, पाणी घालतो.

असं बघू नकोस. त्याचं असं झालं, एक म्हातारी आहे, अर्मिंदाबाई. नवरा रेल्वेत घड्याळं दुरुस्त करायचा, गेला. तिनं गादी पिंजायला आणली. मी उसवली, तर नवऱ्याच्या बाजूला नोटांचं पुडकं. मेणकापडात बांधलेलं, घड्याळजीचं काम, एक सुरकुती नाही. तिला पत्ताच नव्हता! मी लगेच सांगणार होतो. दुपारीच जाणार होतो. पण त्याच दुपारी रोलोनं गाडी धुतली. मग मी म्हटलं, तीन महिने. तीन महिन्यांत दुप्पट होतील, तिचे तिला देईन, वर थोडे जास्त देईन—ते जास्त द्यायचं मी आधीच ठरवलं होतं हं, हे लक्षात घे! चोर कधी वर जास्त देतो का?

आणि गंमत ऐक. पेसोत धरलं ना, तर मी नफ्यात आहे. खरंच! शेअर पडला, पण पेसो त्याच्याहून जोरात पडला. निल्दाला मी पेसोतच सांगतो, ती शेजारणीला सांगते, माझ्या हुशारीची चर्चा आहे गल्लीत. मागच्या आठवड्यात पोस्टमन सल्ला विचारायला आला होता. म्हातारीच्या गादीत पेसो असते तर मी कधीच फेडून मोकळा झालो असतो. पण तो नवरा शहाणा—डॉलरच ठेवून गेला! आता मी काय करू?

सांगू? तिला? काय सांगू! ती आली होती हिवाळ्यात. मला वाटलं, कळलं हिला. तर म्हणते, ‘एव्हारिस्तो, गादी छान झालीय, पण त्यांच्या बाजूला एक उंचवटा होता, तो गेला. तीस वर्षं मी झोपेत त्याच्यावर हात ठेवायची. आता हात सपाट पडतो, मग जाग येते.’  गादी परत आणवली, त्याच जागी लोकरीचा गोळा आवळून शिवून दिला. फुकट! एक पैसा घेतला नाही. नानकटाई घेऊन आली दुसऱ्या दिवशी. म्हणाली, झोप लागली. मला नाही लागली, पण ते सोड. बघ, म्हणजे तिला हवं होतं ते तिला मिळालंच की. इथूनच तिसरं घर तिचं, डाव्या हाताला, हिरवं दार—रोज दुकान उघडताना बघावं लागतं मला ते दार.

हां, तर नियम राहिलाच, सगळ्यात शेवटचा—जे पैसे उद्या कोणाला द्यावे लागतील ते कधी—अगं, उठलीस कशाला? थांब, चार टाके उरलेत, अर्धी उसवलेली गादी कोणी काखोटीला मारतं का, लोकर सांडेल रस्ताभर! मी काय तुझ्या गादीला हात लावणार आहे? तुझ्यासमोर उसवतोय ना? चार डोळ्यांसमोर? पोरी, ऐक—

बरं. न्या. न्या तुम्ही, बाई. उसवल्याचे पैसे नकोत मला. मी काही बोललो नाही आणि तुम्ही काही ऐकलं नाही. दार ओढून घ्या जाताना, दुपारच्या झोपेची वेळ झाली, दुकान बंद आहे. टॅक्सी उजवीकडे मिळेल, कोपऱ्यावर.

उजवीकडे, बाई.

अहो बाई—उजवीकडे!