जोशींनी गाडीची दृष्ट काढली

शपथेवर सांगतो, हे अक्षर न् अक्षर खरं आहे, म्हणजे बरंचसं.

रियाधमधला एक म्हातारा सौदी आपली जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी विकत होता, पण जीव लावणाऱ्यालाच. आमच्या जोशींना ती हवीच होती. ते मोडक्या अरबीत म्हणाले, “काय देखणी आहे हो!”

तेवढ्यात चालू इंजिन बंद पडलं.

म्हातारा चिडला. “माशाअल्लाह न म्हणता कौतुक करतोस? लागली नजर. यल्ला, निघ.”

“थांबा, दृष्ट काढतो,” म्हणत जोशींनी आपल्या जेवणाच्या डब्यातलं मीठ मुठीत घेतलं आणि बॉनेटवरून ओवाळून टाकलं.

म्हातारा हसला. “माझ्या मुलांनीही हिची इतकी काळजी केली नाही. गाडी तुझी.”

इंजिन बंद पडलं, ते मी पदरचं घातलं. दृष्ट काढली ती खरी. आता म्हातारा आपल्या नव्या गाडीची दृष्ट काढायलाही जोशींनाच बोलावतो.