नमंजबाई

व्हर्ना : डेलियासारखी बायको गेली त्या दिवशी फोनवर तू मला आधी पत्राचं सांगितलंस, मग तिचं. मोठ्या बहिणीला असं सांगतात होय?

क्लेमंट : पत्र हातात होतं, ताई. फोडत होतो तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. गावाच्या नावाबद्दल सात वर्षांत अकरा पत्रं लिहिली तिनं गावच्या कमिटीला, आणि उत्तर आलं त्या सकाळी. चर्चेला या म्हणे.

व्हर्ना : बरं. आज गेलास ना? आमच्या ह्यांचा कोट घालून?

क्लेमंट : गेलो. कोटाच्या खिशात त्यांची कवळी सापडली.

व्हर्ना : तीन आठवडे सूप पितोय तो माणूस! शोधून शोधून मी कुत्र्याचं अंथरूण उसवलं. बरं, पुढे बोल.

क्लेमंट : गावाला दीडशे वर्षं होतायत म्हणून चौकात शिळा बसवणार आहेत. तिच्यावर कोरायचा मजकूर असा, गाव वसवणारे फेल्डकँपसाहेब आले तेव्हा हा मुलूख ओसाड होता. त्यांनी तलावाचं नाव विचारलं, ते कळलं नमंज, तेच गावाला ठेवलं. अर्थ, चांदीचं पाणी.

व्हर्ना : ओसाड होता तर विचारलं कुणाला? बदकाला?

क्लेमंट : मी तेच म्हणालो. कमिटीच्या हॅल्व्होर्सनबाई म्हणाल्या, ती लिहिण्याची पद्धत असते. मग मी त्यांना सांगितलं की डेलियाच्या लोकांच्या ओजिब्वे भाषेत नमंज म्हणजे 'कोण जाणे'. डेलियाची खापरपणजी होडीत बसून तलावात उगवणारा रानभात झोडत होती, दोन्ही हातांत काठ्या. हा फेल्डकँप काठावरून जर्मनमध्ये काहीतरी ओरडला. तिला काय कळणार? ती म्हणाली, नमंज. यानं टोपी काढून आभार मानले आणि वहीत लिहून घेतलं.

व्हर्ना : बाईंचं तोंड कसं झालं?

क्लेमंट : बोटांवर मोजायला लागल्या. कोण जाणे शाळा. कोण जाणे बँक. कोण जाणे अग्निशमन केंद्र.

व्हर्ना : कोण जाणे दातांचा दवाखाना! तरीच आमच्या ह्यांची कवळी कधी नीट बसली नाही.

क्लेमंट : मी तेही सांगितलं.

व्हर्ना : क्लेम, आमच्या दातांचं कमिटीत सांगितलंस?

क्लेमंट : कवळी टेबलावरच होती, ताई. खिशात टोचत होती.

व्हर्ना : देवा. मग ऐकलं का त्यांनी?

क्लेमंट : ऐकलं. 'ओसाड' काढतायत. खाली एक ओळ घालणार, 'हे नाव ज्यांनी सांगितलं त्या अमुक अमुक.' शुक्रवारी कोरायला देतायत. बाईंनी पेन काढलं आणि विचारलं, त्यांचं नाव काय?

व्हर्ना : मग?

क्लेमंट : डेलियानं शंभरदा सांगितलं असेल. मी हॉकी बघत हो हो म्हणायचो.

व्हर्ना : तू काय म्हणालास, क्लेम?

क्लेमंट : तोंडातून निघून गेलं.

व्हर्ना : काय निघून गेलं?

क्लेमंट : नमंज.

व्हर्ना : आणि बाईंनी?

क्लेमंट : लिहून घेतलं. आभार मानले. मिसेस नमंज.

(व्हर्ना इतकी हसते की तिला खुर्ची धरून बसावं लागतं. क्लेमंटही हसतो, पण आधी थांबतो.)

व्हर्ना : दीडशे वर्षांनी तीच चूक, आणि या खेपेला आपल्याच माणसाची. डेलियानं काठीनं झोडलं असतं तुला.

क्लेमंट : झोडायलाच हवं होतं.

व्हर्ना : मग आता? नाव कुठेतरी लिहिलेलं असेल की. ती प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायची.

क्लेमंट : बिस्किटांच्या डब्यात. हा काय, इथंच टेबलावर आणलाय.

व्हर्ना : हा? मला वाटलं बिस्किटं आहेत, म्हटलं देत कसा नाही हा. मग उघड की. आज मंगळवार आहे.

क्लेमंट : झाकण तिनं लावलंय, ताई. घट्ट लावायची ती, तळहातानं दाबून. तिच्यानंतर कुणी हात नाही लावलेला.

व्हर्ना : मी उघडू?

क्लेमंट : नको. मीच उघडेन.

व्हर्ना : कधी?

क्लेमंट : शुक्रवारच्या आत. कॉफी घे. डबा उघडायचा राहिलाय.