रक्तपेढीतली कोरी चौकट

हे अनादि दयाघना, जिभेवर तूच येऊन बैस. म्हणजे ती कुणाला डसणार नाही.

— नाही, नाही, बसा. चपला राहू द्या तिथंच. ही आत पडली आहे, उठवत नाही मी तिला. आणि तुम्ही जे विचारायला आलात, त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे — तिनंच सांगून ठेवलंय. उद्याच्या बैठकीत ठरायचं ना, रक्तपेढीच्या टेबलावर जुना प्रोग्राम ठेवायचा की तुम्ही केलेला तो नवा, ब्राउझरमधला? तर ती म्हणाली, जुनाच ठेवा. झालं. पाणी घ्या.

आता तुम्ही म्हणाल, आजोबांना यातलं काय कळतं? — तुम्ही नाही म्हणालात, भुवई म्हणाली. अहो, मी आयुष्यभर टंकलेखन शिकवलं. यंत्राचं मला कळत नसेल, बोटांचं कळतं. नाम आधी ओठ घेतात आणि मन मागाहून येतं ना, तसंच हे — बटण आधी बोट शिकतं. आणि एकदा वाट सापडली की ते डोक्याला विचारायला थांबत नाही. हिची बोटं मीच वळवली; लग्नाआधी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्याच चुका काढायची! अजूनही — असो. तो जुना प्रोग्राम यंत्रायंत्रात वेगवेगळा घालावा लागे, बिघडला की माणसाला बोलवा, सगळं खरं. दिसायलाही करडा, रुक्ष, आमच्या जावयासारखा — पण कामाला वाघ. इंटरनेटची लाइन गेली तरी चालायचा. माउसला हात लावावा लागत नसे. वॉर्डाची मागणी टाइप केली, एफ-फाइव्ह दाबलं, मागणी जतन झाली, समोर नवी कोरी चौकट. पेढीच्या टेबलावर हिच्या कानाला फोन, नजर शीतकपाटाच्या दाराकडे, आणि बोटं आपली आपल्या कामात.

मग तुमचा आला. चांगला आहे हो, मी कुठं वाईट म्हणतोय? कुठल्याही यंत्रावर उघडता येतो, घालत फिरायला नको. पण ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह म्हणजे पान पुन्हा नव्यानं मागवणं — हे तुम्हाला ठाऊक होतं. मला आता ठाऊक झालं. तिला कुणी सांगितलं होतं? तिनं मागणी टाइप केली, बोटानं सवयीनं तेच बटण दाबलं, आणि समोर काय आलं — कोरी चौकट! अगदी पूर्वीसारखी. तिला वाटलं, पोचली मागणी. ती पुसली गेली होती. आणि मागणी होती प्रसूतिकक्षातली.

नाही — डोळे पुसा. रडवायला नाही सांगत मी. बाळ वाचलं. आई राहिली नाही. पेढीतून रक्त निघालं, पण फार उशिरा निघालं. चौकशीत म्हणे, हाताळणाऱ्याची चूक. असेल. मला राग नाही; देवापुढं रोज म्हणतो की मला राग नाही — रोज म्हणावं लागतं, त्याला काय करू? ही देवापुढं बसते, हात जोडते, आणि लगेच सोडवून बोटं पदराखाली लपवते. बोलत नाही. वाढते, आवरते, बोलत नाही. तोंड उघडलं ते फक्त तुमचा फोन आला तेव्हा. म्हणून सांगतो, जुनाच ठेवा. नवा ठेवलात तर लोक काय म्हणतील? प्रोग्राम ठीकच होता, खोट त्या बाईत होती. जुना परत आला तर निदान तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. एवढं तरी नको का? पण हिला सांगून कळेल तर शपथ! ही म्हणते, जुन्यात वरच्या नर्सला काही दिसत नाही, जिना उतरून विचारायला यावं लागतं, पिशवी निघाली का म्हणून. नव्यात तिला जागच्या जागी दिसेल, मागणी पोचली की नाही — त्या दिवशी बघायला कुणी शिकवलं नव्हतं, इतकंच. नवाच ठेवा म्हणते, फक्त ते बटण तेवढं —

काय बोललो मी?

हो. नवाच ठेवा, असं म्हणाली ती. जुना म्हणालो, तो मी. माझ्या माणसाला वाचवायला निघालो होतो, पोरी — आणि वरच्या मजल्यावरची बाकीची माणसं विसरलो. तिचं पूर्ण ऐक आता. ते बटण बांधून टाका. मागणी जतन झाल्याशिवाय पान कोरं होऊ देऊ नका. जतन झाली की मोठ्या अक्षरांत तसं सांगा. आणि पुढच्या बाईच्या हाती देण्याआधी तिच्या शेजारी बसून तिची बोटं बघा. एवढंच म्हणाली. तुला एका शब्दानंही बोल लावला नाही तिनं. मी मात्र मनात —

अगं, उठलीस? कधीची उभी आहेस दारात?

...

बरं. नाही, काही नाही, सांगितलं मी. तू म्हणालीस तेच सांगितलं.

जा, पोरी. आता थांबू नकोस, काम आहे तुला. ज्या घरी आईविना पाळणा हलतो आहे त्या घरी, तुझ्या घरी, आणि हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी — मारलेली हाक पोचो. आणि ती पोचल्याचं हाक मारणाऱ्याला कळो.