आकडे चढवणारा

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसलेले. आई आत ॲडमिट, बहीण इथल्याच लॅबमध्ये कामाला. माझे कान मेले गप्प बसत नाहीत.

"साहेबांना उद्या उत्तर हवंय. रोबो घ्यायचा, की लॅबचा आणि वॉर्डाचा कॉम्प्युटर आतून जोडायचा."

"रोबो म्हणजे हातपायवाला?"

"नाही रे येड्या, नुसता प्रोग्राम. माझ्यासारखाच लॅबच्या पडद्यावरचे रिपोर्टचे आकडे बघून वॉर्डाच्या पडद्यावर चढवतो."

"आणि जोडले तर?"

"चढवायचंच काही उरत नाही. मग मी घरी."

"मग रोबोच सांग की! त्याच्यावर नजर ठेवायला तू लागशीलच."

"परवा पडद्यावर मध्येच एक सूचना उघडली, तर गडबडला. एका बाईचे आकडे दुसरीच्या नावावर. मी बघितलं म्हणून निभावलं."

"एकदाच ना? घर तुझ्या पगारावर चालतंय, ताई."

तेवढ्यात नर्स दारात आली.

"तुमच्या आईंचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर आले. सगळं छान आहे."

"सुटलो बाबा! ...ताई, तू तर इथे बसलीयेस. आज आकडे कोण चढवतंय?"

"तोच. चाचणी चालू आहे त्याची."

"सिस्टर, थांबा! आईचं रक्त परत तपासा. आणि ताई, तू साहेबांना आत्ता फोन लाव. जोडा म्हणावं."

"आणि घर?"

"बघू गं. तू लाव आधी."