अर्धी शीळ जगभर

नाही, पण मला एक सांगा, फोन दुसऱ्याचा, खिसा दुसऱ्याचा, फोन करणारा कोण कुठला तोही दुसऱ्याचाच… आणि मान खाली घालायची वेळ माझ्यावर! का? मी काय केलं होतं? दातांच्या दवाखान्यात बाकावर बसून गुपचूप भूगोलाचा नकाशा रंगवत होते हो! कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आणि सुजलेल्या गालांची ती सगळी माणसं वळून माझ्याकडे बघताहेत… आता तुम्हाला म्हणून सांगते, मी मुळातच अबोल. शाळेत हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं असतं ना, तेसुद्धा मी इतकं हळू म्हणते की शेजारची मुलगी माझ्या वतीनं ओरडते म्हणून बरं, नाहीतर मी वर्षभर गैरहजरच असते! तर अशी मी. आणि माझ्यावर ही वेळ आणली कुणी? बाबांनी!

थांबा, असं म्हटलं की तुम्हाला वाटेल बाबा वाईट आहेत. बाबा वाईट नाहीत. बाबा क्लॅरिनेट वाजवतात. लोक मला विचारतात, "वडील काय करतात गं?" मी सांगते, "क्लॅरिनेट वाजवतात." "हो हो, पण करतात काय?" आता यावर काय बोलणार? पूर्वी ते एका हॉटेलात संध्याकाळी लोक जेवत असताना वाजवायचे. मग हॉटेलवाल्यांनी भिंतीत स्पीकर बसवले. स्पीकरला जेवण द्यावं लागत नाही ना!

तेव्हापासून मामा मागे लागला. मामाचं फरश्यांचं दुकान आहे. फरशी सोडून या जगात आणखी काही आहे यावर मामाचा विश्वासच नाही. आमच्या घरी आला की आधी खाली बघतो, मग माणसांकडे. "भावोजी, फुंकून फुंकून किती दिवस काढणार? या माझ्याकडे, काउंटरवर बसा. फरशी बघा, कधी बेसूर होत नाही!" बाबा म्हणायचे, "पाहू." आमच्या घरात 'पाहू' म्हणजे 'नाही'. पण एक दिवस बाबा म्हणाले, "हिची सुट्टी संपेपर्यंत पाहू, नाहीतर येतो," आणि आईनं शिडी आणून माळा झाडायला घेतला, क्लॅरिनेटची पेटी वर ठेवायला जागा हवी म्हणून… झाडताना ती एक अक्षर बोलली नाही. माझी आई, गप्प! जी दिवसभर दातांच्या दवाखान्यात फोन उचलते आणि घरी झोपेतसुद्धा म्हणते, "बोला, दाढ की पुढचा?" ती गप्प!

आणि नेमकं तेव्हा बाबांना कुणीतरी सांगितलं, अरे, तू रिंगटोन का करत नाहीस?

काय असतं, तुमची स्वतःची धून पाहिजे. स्वतः बांधलेली, स्वतः वाजवलेली, कुणाची उचललेली नको. ती एका कंपनीकडे पाठवायची. त्यांना आवडली तर ती धून तुमचीच राहते, कंपनी फक्त ती जगभर वापरायला देते, आणि कुठंतरी लांबच्या देशात कुणा माणसानं ती फोनवर घेतली की त्यातला चिमूटभर वाटा तुमचा. बाबा म्हणाले, "म्हणजे मी इथं घरात बसून तिकडं वाजणार!" मामा म्हणाला, "फरशी लागते तिथंच राहते, भावोजी."

पण बाबांनी घेतलं मनावर! कपाटातले कपडे एका बाजूला सारले आणि आत शिरले. खरंच सांगते, आवाज घुमू नये म्हणून कपाटात बसून वाजवायचे, आईच्या साड्या आणि माझा गणवेश यांच्या मधोमध. बाहेर मी, माइकच्या यंत्रावर तांबडा दिवा पेटला की दारावर टिचकी मारायला. मला हे काम का दिलं? कारण रेकॉर्डिंग चालू असताना गप्प बसणारं माणूस लागतं. मी मुळातच अबोल, मला काय अवघड!

एक धून झाली की ती आईच्या फोनवर घालायची आणि बाबा स्वयंपाकघरातून फोन लावायचे, कशी वाजते बघायला. आई हात पुसत धावायची. "उचलू नकोस! उचलू नकोस! अजून खरी जागा यायचीय!" "अहो, दवाखान्यातून असेल!" "मीच आहे!" "मग बोला ना, काय पाहिजे?" "काही नको, ऐक!" अशी आई ऐकत उभी राहायची आणि एकदा खरंच डॉक्टरांचा फोन आला तेव्हाही ती तशीच, डोळे मिटून, उभी! डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाई, मी फोन करत होतो." आई म्हणाली, "हो ना, छान वाजत होतात."

आणि कंपनी? कंपनीला काही पसंतच पडेना! सुरुवात फार संथ आहे, पहिल्या तीन सेकंदांत माणूस खिशाकडे गेला पाहिजे. बाबा म्हणाले, "तीन सेकंद तर मला श्वास घ्यायला लागतात!" बरं, प्रत्येक धुनीबरोबर तिचा भाव कळवायचा, आनंदी, तातडीची, कार्यालयीन, असं काहीतरी. बाबांनी लिहिलं, 'कुणीतरी येतंय म्हणून खिडकीत उभं राहिल्यासारखी.' उत्तर आलं, कृपया दिलेल्या पर्यायांमधून निवडा.

सुट्टी संपत आली. शेवटच्या दिवशी बाबा कपाटात शिरले आणि माइक नीट चालतोय का बघायला 'हॅलो हॅलो' म्हणायच्या ऐवजी त्यांनी क्लॅरिनेटवर वाजवली… आमची शीळ.

अरे हो, शीळ सांगायचीच राहिली! आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी लहान असताना बाबा पिशव्या घेऊन आले की खालून माझ्या नावानं हाका मारायचे, पिशव्या धरायला ये म्हणून. सगळ्या इमारतीची डोकी बाहेर यायची, आणि मी पलंगाखाली! मग बाबांनी शीळ काढली. खालून ती वर वर चढत जाते आणि एकदम हवेत थांबते, एखाद्यानं दारात पाय टाकून 'येऊ का?' म्हणावं तशी. मग मी खिडकीतून उरलेली अर्धी घालायची, ती हळूहळू खाली उतरते आणि बसते. म्हणजे, 'या, आहे मी.' नाव नको, हाक नको, कुणाला काही कळत नाही. अबोल माणसाची किती सोय बघा! वर्षानुवर्षं हेच. बाबा कधी खूश असतात, कधी हॉटेलातून काढून टाकलेले असतात, ते जिन्याच्या तळाशी असतानाच मला शिळेवरून कळतं.

तर कपाटातून ती चढली, हवेत थांबली, आणि माझी अर्धी इथं, इथं ओठांवर आली होती हो! पण तांबडा दिवा पेटलेला. मी ओठ दाताखाली धरला. गप्प राहिले. ते कामच होतं ना माझं.

पुढं काय झालं असेल? बाबांनी त्या दिवशी कंटाळून सगळाच्या सगळा फोल्डर पाठवून दिला. मेहनतीच्या धुनी, भावबिव लावलेल्या, सगळ्या नापसंत, आणि एक पसंत. नाव, 'माइक तपासणी'. हसू नका! जगभर त्या नावानंच आहे ती. बाबा घरभर नाचले, आई नाचली, मामासुद्धा म्हणाला, "बघू तरी कशी वाजते," आणि खाली न बघता पूर्ण ऐकली. करारावर सही झाल्या झाल्या आलेल्या पहिल्या पैशातून बाबांनी क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या वेताच्या नव्या पट्ट्या आणल्या. मामा म्हणाला, "जगभर वाजलात आणि एवढंच?" पण दर महिन्याला येणार होतं, थोडं थोडं, आणि कंपनीनं आणखी धुनी मागितल्या होत्या. माळ्यावरची जागा रिकामी राहिली. मला वाटलं, सुटलो बाई!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची बेल वाजली.

बेल! आमच्याकडे बेल फक्त गॅसवाला वाजवतो. दार उघडलं तर बाबा. स्वतःच्या घरी! बेल वाजवून! "आलो," म्हणाले. मी पिशव्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा बेल. मग मी खिडकीतून पाहिलं. बाबा खाली उभे राहिले, वर बघितलं, ओठ गोल केले… आणि मिशी खाजवली. मग जिना चढायला लागले, एकेक पायरी, काही न बोलणारा जिना.

रात्रीच्या जेवणात आईनं विचारलं, "अहो, शीळ कुठं गेली?" बाबा म्हणाले, "करारात आहे. ही धून मी इतर कुठंही, कुठल्याही स्वरूपात सादर करणार नाही. सही केलीय मी." "अहो, पण जिन्यात?" "कुठंही म्हणजे कुठंही. शब्द म्हणजे शब्द." आता या माणसाला काय म्हणावं? लोक सही करून दुसऱ्याचं घर लाटतात, आणि हे सही करून स्वतःचा जिना देऊन बसले! मी म्हणणार होते, बाबा, विचारा ना त्यांना. पण मी मुळातच अबोल. आणि विचारलं, आणि कंपनी म्हणाली 'काय, जिन्यात वाजवता? करार रद्द!', तर? सरळ काउंटर. सरळ फरशी.

आठवडा गेला. संध्याकाळ झाली की मी उगीचच खिडकीत जाऊन उभी राहायचे. घर तेच, माणसं तीच, पण बाबा येतात ते पार्सलसारखे!

शेवटी आई अंघोळीला गेल्यावर मी तिचा फोन घेतला आणि करारावरचा कंपनीचा नंबर लावला. मी! जी घरचा फोन वाजला तर उशीखाली ठेवते! काय बोलायचं ते तळहातावर लिहून घेतलं होतं, पण तळहाताला असा घाम फुटला की 'नमस्कार' धुऊन गेला, 'माझे वडील' धुऊन गेलं, नुसता 'जिना' राहिला. आधी कितीतरी वेळ तिकडं कुणाकुणाच्या धुनी वाजत होत्या, मग एक बाई आल्या, गोड आवाजाच्या, आमच्या आईसारख्याच फोन उचलून उचलून गुळगुळीत झालेल्या.

"नमस्कार, आपली काय मदत करू?"

मी तळहात बघितला.

"हॅलो? ऐकू येतंय का?"

"जिना," मी म्हटलं.

"काय?"

"जिन्यात… चालेल का?"

बाई म्हणाल्या, "बाळ, घरात कुणी मोठं आहे का?" म्हणजे झालंच! आता ठेवणार त्या! मग मला काही सुचेना, मी सरळ शीळ घातली. बाबांची अर्धी, वर चढून हवेत थांबणारी, आणि मग थांबवेचना, माझीही अर्धी घातली, खाली उतरून बसणारी.

मग बाई म्हणाल्या, "ही 'माइक तपासणी' ना? पण तो पुढचा भाग… तो आमच्याकडे नाही." मी म्हटलं, "तो माझा आहे." आणि मग बांध फुटला. खिडकी, पिशव्या, पलंग, बेल, मिशी, सगळं सांगितलं, एका दमात, अगदी आत्ता तुम्हाला सांगतेय तसं! बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. "अगं, ते कलम दुसऱ्या कंपनीला धून देऊ नये म्हणून असतं. वडिलांना म्हणावं, जिन्यात घाला, अंघोळीला घाला, गच्चीवर घाला. आणि तो पुढचा भाग फार छान आहे गं. तोही पाठवता का? आम्ही घेऊ."

"नाही," मी म्हटलं. मोठ्यानं. मलाच दचकायला झालं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. तेवढ्यात आई आली डोक्याला टॉवेल गुंडाळून. "कुणाचा फोन?" "कुणाचा नाही." तिनं फोन घेऊन कानाला लावला. "बोला, दाढ की पुढचा?"

संध्याकाळी मी खिडकीत. बाबा खाली आले, वर बघितलं, ओठ गोल केले, मिशीकडे हात नेला… आणि मीच घातली! माझी अर्धी, उत्तराची, आधीच! बाबा चपापले. इकडं तिकडं बघून हळूच बोट हलवलं आणि तोंडानं नुसतं दाखवलं, 'क-रा-र!' मी मान हलवली, हातवारे केले, त्यांना काही कळेना. मग काय करणार? ओरडले! चौथ्या मजल्यावरून! "बाबा, चालतं! मी फोन करून विचारलंय!" खाड खाड खिडक्या उघडल्या, सगळ्या इमारतीची डोकी बाहेर! समोरच्या आजोबांनी विचारलं, "ही बोलते?"

बाबा तसेच उभे, दोन्ही हातांत पिशव्या. त्यांना आधी शीळ जमेचना, नुसतीच हवा. ओठ थरथरत असले की शीळ येत नाही, करून बघा. मग आली. चढली, हवेत थांबली. मी उतरवली आणि बसवली. पलंगाखाली गेले नाही.

तर हे सगळं छान झालं, मान्य. पण आता माझं काय? काल दवाखान्यात बसले होते, आईचं संपायची वाट बघत, नकाशा रंगवत, आणि समोरच्या काकांचा फोन वाजला. तीच! चढली, हवेत थांबली. काकांना भुलीचं इंजेक्शन दिलेलं, उचलून तरी बोलणार काय? पुन्हा चढली, पुन्हा हवेत. पुन्हा चढली… अहो, किती वेळ एखाद्याला असं दारात उभं ठेवायचं? माझ्या तोंडून गेलीच शीळ! वर बोनस म्हणून, "आले, बाबा!" सगळा दवाखाना माझ्याकडे बघतोय, काका अर्ध्या तोंडानं हसताहेत, आणि आई काउंटरवरून अभिमानानं सगळ्यांना सांगतेय, "आमची मुलगी आहे. फार अबोल हो!"

आता तुम्हीच सांगा. जगात कुठं कुठं, कुणाकुणाच्या खिशात ती अर्धी शीळ 'येऊ का, येऊ का' करत लटकलेली असेल! आणि उत्तर येणारी मुलगी अख्ख्या जगात एकटी मी. कुणाकुणाला पुरी पडू हो? मी मुळातच…

जाऊ दे. थांबा जरा, खाली वाजतेय. आता ते बाबा आहेत की कुणाचा फोन, काय कळतंय! उत्तर दिलेलं बरं.