सातव्या माणसाचे अकरा सेकंद

तंत्रज्ञ: मग उरलेले एकोणपन्नास तास कोणाचे, मॅडम? तुमच्या वहीत एक्केचाळीस तास लिहिलेत, पंपाचा मीटर नव्वद दाखवतो. पंप काही आपल्या मनाने श्वास घेत नाही.

संशोधिका: मीटर बिघडला असेल.

तंत्रज्ञ: मीटर मी बसवलाय. सोमवारी पंप तीन महिन्यांसाठी दुसऱ्या विभागात जाणार. त्याआधी कागदावर माझी सही लागते, आणि तास जुळल्याशिवाय मी सही करत नाही.

संशोधिका: जेवणाच्या सुट्टीत चालवत होते, काका. चाचणी म्हणून.

तंत्रज्ञ: रोज? आणि दर वेळी सात नंबरचाच श्वास? बारा माणसांच्या श्वासाच्या नोंदी भरून दिल्या होत्या मी यात, पंपाने हुबेहूब तसाच श्वास घ्यावा म्हणून. बाकीच्या अकरांनी काय घोडं मारलंय?

संशोधिका: सात नंबरचे आकडे जुळत नव्हते. हे घशाचं आणि श्वासनळीचं मॉडेल एकच, फवाराही तोच. बाकीच्यांच्या श्वासाबरोबर औषधाचे कण नीट खाली फुप्फुसाकडे जातात. सात नंबरच्या वेळी दीडपट कण घशातच बसतात.

तंत्रज्ञ: मग खोट श्वासाच्या नोंदीत.

संशोधिका: हा आलेख बघा. चार मिनिटांची नोंद आहे. इथे, एकशे अठ्ठ्याऐंशी सेकंदांवर.

तंत्रज्ञ: झपकन ओढलाय. आणि सोडताना करवतीसारखे दाते... हा माणूस बोललाय की.

संशोधिका: हो.

तंत्रज्ञ: मास्क लावल्यावर बोलू नये, अशी पाटी मीच चिकटवली आहे भिंतीवर. बोलायच्या आधी माणूस झटक्यात हवा भरतो. कणांना वळणावर वळायला सवड मिळत नाही, ते सरळ घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात. एवढं मला कळतं, तर तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असणार.

संशोधिका: दिसलं होतं.

तंत्रज्ञ: आणि दोन महिने गप्प बसलात.

संशोधिका: साहेब म्हणतात, तेवढे अकरा सेकंद कापा आणि टोकं जोडून टाका. आकडे रांगेत येतील, पेपर सोमवारी जाईल.

तंत्रज्ञ: साहेबांना काय, कात्री दुसऱ्याच्या हातात आहे. नियमाने ही नोंद बाद. बाद झाली की पुसून टाकायची, तसं फॉर्मवरच लिहिलेलं असतं. त्या माणसाला परत बोलवा, चार मिनिटांचं तर काम.

संशोधिका: ते येणार नाहीत.

तंत्रज्ञ: फोन करून बघितलात? द्या, मी करतो.

संशोधिका: काका, ते माझे बाबा.

तंत्रज्ञ: उन्हाळ्यात गेले, ते?

संशोधिका: हो. त्या दिवशी ठरलेला माणूस ऐन वेळी आलाच नाही. मी घराची चावी विसरले होते, ती द्यायला बाबा आले होते. म्हटलं, बसता का चार मिनिटं? फॉर्म नीट वाचून सही केली आणि ऐटीत बसले.

तंत्रज्ञ: टोपीवाले. आठवले. मला म्हणाले, एवढ्या हवेचा अभ्यास करता आणि खोलीला एक खिडकी नाही.

संशोधिका: तेच. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. चार मिनिटं तोंड बंद म्हणजे त्यांना शिक्षाच.

तंत्रज्ञ: मग काय म्हणाले?

संशोधिका: माहीत नाही. नोंद घेणारं यंत्र हवेचा वेग मोजतं, आवाज नाही. मास्कमधून नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. मी पडद्याकडे बघत होते. मानही न वळवता ओठांवर बोट ठेवलं.

तंत्रज्ञ: नंतर विचारलं नाहीत?

संशोधिका: बाहेर आठवा माणूस ताटकळला होता. म्हटलं, बाबा, रविवारी बोलू. रविवारी नोंदी तपासत बसले. पुढच्या रविवारीही.

तंत्रज्ञ: हं. म्हणून जेवणाची सुट्टी.

संशोधिका: घरी फ्रिजचा आवाज असतो, इथे याचा. याला निदान लय आहे.

तंत्रज्ञ: मग आता काय लिहू? साहेबांचं ऐकलंत तर नोंद राहील, पेपर जाईल.

संशोधिका: नोंद राहील, पण ते बोलले तेवढंच त्यातून जाईल. लिहा, एकोणपन्नास तास, खासगी वापर. खाली मी सही करते. आणि सात नंबर बाद. कारण, नोंद चालू असताना व्यक्ती बोलली.

तंत्रज्ञ: बारा माणसं भरल्याशिवाय पेपर जात नाही. नवा माणूस शोधा, मग पंप परत यायची वाट बघा. साहेब डोक्यावर मिरे वाटतील.

संशोधिका: वाटू देत.

तंत्रज्ञ: बारावा म्हणून मीच बसलो असतो. पण मी चार मिनिटं गप्प बसलो, तर बायको डॉक्टर बोलावते.

संशोधिका: बाबांशी जमलं असतं तुमचं.

तंत्रज्ञ: जमलं होतं. ती खिडकी मी वर मागितली आहे, अजून उत्तर नाही. बरं, पुसायचं बटण मी दाबू की तुम्ही?

संशोधिका: मी दाबते.

तंत्रज्ञ: थांबा. नव्वद तास झालेत, त्यात चार मिनिटांनी मीटरला काय फरक पडतो? एक फेरी लावतो. बसा.

(पंप सुरू होतो. तीन मिनिटं सरतात.)

संशोधिका: हात इथे धरा, काका. मॉडेलच्या तोंडासमोर. येईल आता.

तंत्रज्ञ: गार लागतंय.

संशोधिका: खोलीतलीच हवा ती.

तंत्रज्ञ: हां... आलं. थांबत थांबत आलं. दोन शब्द असावेत, मॅडम.

संशोधिका: तीन. मधला लहान आहे.